तिसऱ्या घमेल्यातलं पाणी

वार बुधवार, तू गेल्याचा चौथा दिवस. ठिकाण भूमच्या बाजारपेठेतलं फ्रेमवाल्याचं दुकान. रक्कम अठरा रुपये, सगळी आगाऊ. हजर तिघं: मी, तुझी बहीण आक्का आणि फ्रेमवाला. रविवारी तुझा जलदान विधी होता आणि बुद्धांच्या मूर्तीशेजारी ठेवायला तुझी तसबीर हवी होती. मी पैसे दिले, माप सांगितलं. फ्रेमवाल्यानं माप पेन्सिलीनं फळीवर लिहिलं आणि हात पुढं केला.

"फोटू द्या."

सोपान, तोपर्यंत आम्हा दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. अर्ध्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा एकही फोटो नाही.

"फोटो नाही," मी म्हणालो. "तुम्ही ओळखत असाल त्याला. स्टँडामागं ज्याचा स्टुडिओ होता, तो माझा मेहुणा."

"फोटूवाल्याचाच फोटू न्हाय व्हय?" तो हसला. मग आक्काचं तोंड बघून हसायचा थांबला. "घरी हुडका की. लग्नातला असंल, न्हायतर कुठल्या सभंतला."

लग्न तू केलं नाहीस. सभेतले आहेत, पण ते तूच काढलेले. आमच्या ईट गावच्या घरात भिंतीवर सात फोटो आहेत आणि सातांतही तू नाहीस. दूध संस्थेच्या उद्घाटनाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी दिसते. ती तुझ्यासाठी ठेवली होती. "आलोच" म्हणालास आणि कॅमेऱ्यामागून आलाच नाहीस.

परतीच्या एस.टी.त आक्का खिडकीकडं तोंड करून बसली होती. पाथरूडच्या पुढं कुठंतरी ती म्हणाली, "मला त्याचं तोंड आठवंना झालंय, ओ. डोळं मिटलं की निस्तं कॅमेऱ्याचं काळं फडकं दिसतंय. त्याच्याखाली त्यो हाय, पर तोंड न्हाय."

ती तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. तुला कडेवर घेऊन वाढवलेली. चार दिवसांत तिच्याकडून तुझं तोंड निघून चाललं होतं, आणि मी, दूध संस्थेचा सचिव, जो दिवसाला दीडशे माणसांचं दूध मोजून घेतो, तिला देण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं. तेव्हा मला कोळी आठवला.

बहात्तरचा दुष्काळ. तू दिवसा पोटासाठी माणसांचे फोटो काढायचास आणि उरलेल्या उजेडात मुंग्या, माश्या, कोळी. भात्याचा तो जुना लाकडी कॅमेरा. भाता पुरा ताणूनही तुला पुरेना, म्हणून वाटायला आलेल्या दूध भुकटीचा रिकामा डबा दोन्हीकडून कापलास, आतून काजळ फासलंस आणि भिंगाच्या मागं बसवलास. भिंग जितकं लांब सारावं तितका किडा मोठा. एवढं मला कळत होतं. ते कशासाठी, हे कळत नव्हतं. "उपयोग काय ह्याचा?" हे मी तुला किती वेळा विचारलं असेन. तू एकदाही सरळ उत्तर दिलं नाहीस.

किडा हलू नये म्हणून त्याला बाटलीत घालायचास, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायचास. गारठला की तो थोडा वेळ दगडासारखा बसायचा. मारायचा नाही, हा तुझा नियम. मी एकदा म्हणालो होतो की मेलेला जास्त निवांत बसेल. तू म्हणालास, "मेल्यालं डोळं कळत्यात, दाजी. उजेड जातो त्यातला."

त्या दिवशी माठाखालून एक कोळी काढलास, भिंतीवर उड्या मारून माश्या धरतो तसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. मला काळ्या फडक्याखाली डोकं घालायला लावलंस. काचेवर सगळं उलटं. आधी मला काहीच उमगेना. मग मनात ते सुलटं केलं आणि एकदम एक तोंड दिसलं. पांढऱ्या मिश्या, खाली दोन हिरवट चमकणारे जबडे, आणि वर एस.टी.च्या दिव्यांसारखे दोन मोठे काळेभोर डोळे. शेजारी लहान डोळे. पायावरचा एकेक केस बाभळीच्या काट्यासारखा उभा.

"डोळं किती?" तू बाहेरून विचारलंस.

मी मोजले. "सहा."

"आठ हायत. दोन मागं हायत, डोस्क्यावर. दुधातलं पानी घावतं तुमाला, अन् डोळं मोजता येईनात?"

मग मला आरसा दिलास. मी दारात उभा राहून ऊन त्या कोळ्याच्या तोंडावर पाडत होतो. तू कॅमेऱ्याशेजारी उभा राहून टोपण काढलंस आणि ओठ हलवत आकडे म्हणालास. माझा हात भरून आला होता. पण मी आरसा हलवला नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो, कारण फोटो स्वच्छ आला.

चार दिवसांनी तू घरी आलास तो ताटाएवढा कागद घेऊन. "आक्का, ह्यात मानूस हुडीक," म्हणालास. तिनं कागद दारात नेला. कोळ्याच्या एका मोठ्या डोळ्यात एक पांढरं दार होतं. दारात दोन माणसं. एकाच्या हातात चमकणारा ठिपका, म्हणजे मी. दुसऱ्याचा एक खांदा खाली, कॅमेऱ्याचं तिकाटणं वाहून वाहून उतरलेला, आणि मान जरा पुढं, नेहमीसारखी.

"आगं बया, सोप्याच की ह्यो!" आक्का म्हणाली. "माज्या भावाला कोळ्यानं गिळला गं."

तुझं सगळं अंग त्या डोळ्यात मोहरीएवढंही नव्हतं. तिनं ओळखायला क्षणही घेतला नाही.

तो कागद तू स्टुडिओच्या मातीच्या भिंतीला चिकटवलास आणि पुढं त्याला वाळवी लागली. आधी कोळ्याचे पाय गेले, मग डोळे. मी चुकचुकलो तर म्हणालास, "ज्याचं त्याला पोचलं." आणि वर, "काच हाय की. काच असली की कागूद कवाबी निघतो." त्या काचेच्या, म्हणजे निगेटिव्हच्या, भरवशावर मी आक्काला त्याच एस.टी.त शब्द दिला. रविवारी तुझा भाऊ त्या फ्रेममध्ये असेल, असं सांगितलं. मी शब्द सहसा देत नाही.

गुरुवारी तुझ्या स्टुडिओचं कुलूप उघडलं. पत्रा तापून आत भट्टी झाली होती. गिऱ्हाइकांच्या काचा लाकडी मांडणीत, गावाप्रमाणे लावलेल्या. तुझ्या काचा पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत, एकेक काच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर तुझ्या हातानं लिहिलेलं: मुंगी. गांधीलमाशीची कंबर. गोचीड. कोळी, आरशाचा.

गोचीड बघून मला त्याही वेळी हसू आलं. म्हशीच्या कानातली ती गोचीड तू परातीएवढी करून आमच्या संस्थेच्या दारात टांगली होतीस. कोंडाबाई दुधाची किटली घेऊन आली आणि किटली खाली ठेवायची विसरली. "ह्ये माज्या म्हशीच्या अंगावर असतंय?" तू हो म्हणालास. "आठ पायाचं? अन् तोंडाला करवत?" तू पुन्हा हो म्हणालास. तेव्हा ती म्हणाली, "तुला बायकू मिळंना म्हणून गोचडीचं फोटू काढतोस व्हय रं, सोपाना?" सगळ्या बायका हसल्या, सगळ्यात मोठ्यानं तू. त्या आठवड्यात गावातल्या म्हशींचे कान पहिल्यांदा निगुतीनं साफ झाले. त्यानं दूध वाढलं असं मी म्हणणार नाही, कारण त्याच सुमारास चाऱ्याची छावणीही सुरू झाली होती. पण उपयोग काय, हा माझा प्रश्न त्या महिन्यात मी विचारला नाही. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. तुला बरं वाटलं असतं.

'कोळी, आरशाचा' उघडला. काच उजेडात धरली.

पिवळी, शेणाच्या पाण्यासारखी पिवळी. मध्ये एक तांबूस डाग. डोळे असायला हवे होते तिथं नुसतं धुरकट. तुझं भिंग लावून पाहिलं, काच उलटी करून पाहिली, दाराबाहेर उन्हात नेऊन पाहिली. एका कोपऱ्यात पायाचे चार-सहा केस शिल्लक होते. दार नाही. आरसा नाही. खांदा नाही.

मग बाकीच्या काढल्या. दुष्काळातल्या त्रेसष्ट काचा, बहुतेक सगळ्यांची तीच गत. दुष्काळानंतरच्या काचा मात्र चांगल्या. त्यांतला कोळ्यांचा प्रत्येक डोळा मी भिंगाखाली बघितला. पण तोवर तू उजेड मऊ करायला किड्यापुढं पांढरा कागद धरायला लागला होतास, आणि त्या सगळ्या डोळ्यांत नुसता कागद दिसतो. नंतर गिऱ्हाइकांची मांडणी उघडली. आमच्या संस्थेच्या सभासदांच्या काचा त्याच उन्हाळ्यातल्या, त्याच खोलीत ठेवलेल्या, त्याच उन्हात तापलेल्या. कोंडाबाईच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा मोजून घ्यावं इतकं स्वच्छ.

हे मला समजेना. शुक्रवारी मी दोन्ही काचा, कोंडाबाई आणि कोळी, टॉवेलात गुंडाळून बार्शीला गेलो. तिथं एक म्हातारे फोटोग्राफर आहेत. त्यांनी कोळ्याची काच खिडकीशी धरली, नाकाशी नेली, जिभेच्या टोकाला लावल्यासारखं केलं.

"कुणी धुतली ही?"

"माझ्या मेहुण्यानं."

"शिकाऊ होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"औषध राहिलंय काचेवर. हायपो. नीट धुतलं नाही की तो आत बसून चांदी खातो, वर्षानुवर्षं. चांदी म्हणजेच चित्र." मग कोंडाबाई बघितली. "ही ज्यानं धुतली त्यानं चांगली धुतली."

"एकाच माणसानं धुतल्या आहेत."

त्यांनी दोन्ही काचा शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडं बघितलं. यातून काही निघेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "निघायला आत असावं लागतं. आता धुतलीत तर उरलंय ते टिकेल. गेलेलं येणार नाही." पैसे विचारले तर मान हलवली.

बार्शीहून येताना एस.टी.त मला तुझी तीन घमेली आठवली. इनॅमलची, निळ्या काठाची. दुष्काळात तुझ्या वाट्याला टँकरच्या दोन घागरी यायच्या. त्यातच स्वयंपाक, पिणं आणि धंदा. काच दहा पाण्यानं धुवायची असते, हे तूच मला सांगितलं होतंस. दहा पाणी आणायचं कुठून? म्हणून तू पाण्याला रांग लावलीस. स्वच्छ पाणी पहिल्या घमेल्यात, तिथं गिऱ्हाइकांच्या काचा. तेच दुसऱ्या घमेल्यात, तिथं गिऱ्हाइकांचे कागद. आणि तेच वापरून वापरून औषधाळलेलं पाणी तिसऱ्यात, तिथं तुझे कोळी आणि मुंग्या. "गिऱ्हाइकाचं आधी," म्हणायचास. मी मान डोलवायचो, आणि आजही डोलवीन. सभासदानं वर्गणी भरली होती, कोळ्यानं नाही. संस्थेच्या सभासदांची फोटोची कार्डं तेव्हाच व्हायची होती आणि काम तू घेतलेलं होतंस. यावर तुझं-माझं कधीच दुमत नव्हतं.

पण सोपान, दाराबाहेरचा लिंब मला आठवला. तिसऱ्या घमेल्यातलं पाणी फेकून द्यायला जीव होत नव्हता म्हणून तू ते त्या लिंबाच्या रोपाला घालायचास. महिन्याभरात त्याचे शेंडे करपले. तू पान चोळून वास घेतलास आणि म्हणालास, "औषध उरतंय पान्यात." त्या दिवसापासून झाडाला ते पाणी बंद केलंस. तुझ्या काचांचं बंद केलं नाहीस. मी विचारलंही होतं, की मग काचांचं काय? "हिरीला पानी आलं की धुतो पुन्यांदा."

म्हणजे तुला माहीत होतं. झाडाला सोसत नाही ते काचेला सोसणार नाही, हे तुला कळत होतं, आणि तरी रोज त्यातच बुडवत होतास, कारण दुसरं पाणी गिऱ्हाइकाचं होतं.

पुढच्या वर्षी विहिरीला पाणी आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही आलं. तू काचा का धुतल्या नाहीस? हे मी चार दिवस मनात घोळवतोय. वेळ नव्हता असं मी मानणार नाही. आळस तुझ्यात नव्हता. विसरणं शक्य नाही, कारण एकेक काच कागदात गुंडाळून नाव घातलेलं आहे. मग मला दुसरंच आठवतं. दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनी तू एकाएकी किडे बंद केलेस. वर्षभर भाता ताणला नाहीस. मी कारण विचारलं, तर "भिंगाला बुरशी आली" म्हणालास. ते भिंग मी गुरुवारी वापरलं. त्यावर बुरशीची खूणही नाही, आणि बुरशी लागलेलं भिंग पहिल्यासारखं होत नाही, हेही तुझंच बोलणं.

तू ट्रंक उघडली होतीस. विहिरीच्या पाण्यानं धुवायला म्हणून उघडली असशील आणि सगळ्या काचा अशा दिसल्या असतील. मग पुन्हा गुंडाळून, पुन्हा तीच नावं वर ठेवून, पलंगाखाली सारलीस. आणि संध्याकाळी आमच्याकडं जेवायला येऊन माझ्या पोरींना मुंग्यांच्या गोष्टी सांगितल्या असशील. मला एका शब्दानं बोलला नाहीस. मी आरसा धरला होता रे त्यातल्या कितीतरी काचांना. मला सांगण्यासारखं ते नव्हतं का? की मी म्हणेन "उपयोग काय होता त्याचा", अशी भीती होती?

वर्षानं तू पुन्हा सुरू केलंस, तेव्हा मला वाटलं भिंग दुरुस्त झालं. परवा तू गेलास तो त्यापायीच. आता पुन्हा पाण्याचे तसेच हाल आहेत, रान तसंच करपलंय, आणि तू भर दुपारी इंगळी, तो मोठा काळा विंचू, टिपायला पडीक रानात पालथा पडून राहिलास. ऊन लागलं. गुराख्यानं तुला उचललं तेव्हा कॅमेरा तिकाटण्यावर होता आणि काच आतच होती. तीही मी धुवून बघितली. काहीच नव्हतं.

शनिवारी मी आक्काला सांगितलं, की फोटो नाही. कोळ्याची काच तिच्या हातात दिली. तिनं ती दाराकडं धरली, जशी तो कागद धरला होता तशीच, आणि बराच वेळ त्या तांबूस डागाकडं बघत राहिली.

"ह्यो त्यो हाय?" तिनं विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. डागाला खांदा म्हटलं असतं, तर तिनं मानलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तो नुसता डाग आहे."

तिनं काच परत दिली.

रविवारी मूर्तीशेजारी तिनं तुझं काळं फडकं घडी करून ठेवलं. वंदना झाली. मग तांब्यातलं पाणी वाटीत धरायचं आणि वाटी भरून सांडेपर्यंत धार मोडू द्यायची नाही, तसं तिनं केलं. पाणी टँकरचं, जरा गढूळ. वाटी भरली, काठावरून ओघळलं, तरी ती थांबेना. तांब्या रिकामा झाला तरी हात तसाच वाकलेला होता. कोंडाबाईनं तिचा हात धरून खाली आणला. बाहेर आल्यावर कोंडाबाई मला म्हणाली, "साऱ्या गावाची तोंडं ऱ्हायली, सचिव. त्येचंच तेवढं गेलं."

मला वाटतं, यापुढं मी तुला काही सांगू शकेन असं नाही. उपयोग काय, हे विचारलं त्याबद्दल मी माफी मागत नाही. तो प्रश्न खरा होता. पण त्या काळ्या फडक्याखाली मी जे बघितलं ते मला दुसऱ्या कुणी दाखवलं नसतं. आज घरात कोळी दिसला की मी दोन डोळे मागे असतील असं धरून चालतो. एवढंच माझ्याकडं उरलंय. आक्काला ते पुरत नाही, आणि पुरावं असं मीही म्हणत नाही. काल जेवताना ती मधेच थांबली आणि मला विचारलं, "त्येचं नाक माज्यासारखं होतं, का बाबांसारखं?" मला सांगता आलं नाही. चोवीस वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवत होतास.

सोमवारी फ्रेमवाल्याकडं गेलो. काच कापून ठेवली होती त्यानं, तरी अठरा रुपये परत दिले. म्हणाला, "काच कुटंबी चालतीया." तिथून पाणीवाल्याकडं गेलो आणि दोन पिंपं तुझ्या दारात उतरवून घेतली. समोर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्या काय बघत होत्या ते मला कळत होतं.

"कार्य तर झालं की, सचिव," पाणीवाला म्हणाला. "आता एवढं पानी कशाला?"

"काचा धुवायच्यात," मी म्हणालो.

"खिडकीच्या?"

मी हो म्हणालो.

पाणी माठांत निववलं, आणि मंगळवारी सकाळी आक्का आणि मी त्रेसष्ट काचा धुतल्या. तिसरं घमेलं वापरलं नाही. पहिल्यातच, प्रत्येक काच दहा वेळा, दर वेळी पाणी बदलून. नऊ काचांवर थोडंफार काही आहे: मुंगीची एक मिशी, गांधीलमाशीची कंबर, तो पायाचा कोपरा. बाकीच्या आता स्वच्छ पिवळ्या आहेत. वापरलेलं पाणी आम्ही लिंबाला घातलं नाही.

दोन पिंपांचे अठरा रुपये, रोख, सोमवारीच पाणीवाल्याच्या हातात दिले.